मुंबई–नागपूर हवाई अंतर आणि उड्डाणाची वेळ कशी काढावी

मुंबईहून नागपूर किती लांब, या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. भुसावळमार्गे रेल्वेने गेल्यास हे अंतर 837 किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग नागपूर ते आमणे 701 किलोमीटरचा असून तेथून मुंबईत शिरण्याचा रस्ता निराळा मोजावा लागतो. आणि विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत ते 680 किलोमीटरच्या आसपास येते. उड्डाणाच्या हिशेबात यांपैकी फक्त शेवटचा आकडा धरावा.

तो वहीवरही काढता येतो. मुंबई विमानतळाचे अक्षांश 19.09 उत्तर व रेखांश 72.87 पूर्व आहेत, तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे 21.09 व 79.05. अक्षांशांत 2 अंशांचा फरक आहे आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असतो, म्हणून उत्तरेकडे 222 किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जावे तसा आखूड होत जातो. आपल्या पट्ट्यात, म्हणजे 20 अक्षांशाजवळ, तो साधारण 104.5 किलोमीटर भरतो, त्यामुळे 6.18 अंशांचे पूर्वेकडील अंतर 646 किलोमीटर होते. आता शाळेतले पायथागोरसचे प्रमेय लावले की कर्ण 683 किलोमीटर येतो. (याच 6.18 अंशांमुळे नागपूरकरांच्या डोक्यावर सूर्य मुंबईकरांपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी येतो, घड्याळे मात्र एकच वेळ दाखवतात.) लंडनसारख्या दूरच्या शहरासाठी ही रीत चालत नाही, कारण तेथे पृथ्वीची गोलाई विचारात घ्यावी लागते; अशा वेळी नकाशाच्या संकेतस्थळावरील अंतर मोजण्याची सोय वापरावी.

पुढचा भाग वेळेचा, आणि बहुतेकांचा हिशेब येथेच चुकतो. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरला तर 683 किलोमीटरला 51 मिनिटे लागतील. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपासची वेळ दिसते. तिकिटावरील वेळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हा सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबते तेव्हा संपते. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, रांगेतील थांबा, चढताना व उतरताना कमी असलेला वेग या सर्वांसाठी 30 ते 40 मिनिटे मिळवावीत. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. परतीच्या प्रवासात खाली शहराचे दिवे दिसू लागल्यावरही विमान घिरट्या घालत राहते, त्याचे एक कारण हेच. एटीआरसारखे पंख्याचे विमान असल्यास वेग ताशी 500 किलोमीटर धरून हिशेब पुन्हा करावा.

परदेशी प्रवासात सुटण्याची व पोहोचण्याची वेळ थेट वजा करू नये, कारण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी 1 वाजता सुटलेले विमान लंडनला सायंकाळी 6.30 वाजता पोहोचते. वरवर साडेपाच तास दिसतात, परंतु तेव्हा लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्याने खरा प्रवास दहा तासांचा ठरतो. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तास धरावा. परतीचा प्रवास बहुधा कमी वेळात होतो, कारण उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ नेहमी स्वतंत्रपणे काढावा.