थंडीत गळून जाताय? लो-कार्बवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

डायबेटिस, त्यात लो-कार्ब (कमी कर्बोदकांचा) आहार आणि वर थंडी. अंगात त्राण राहिलं नाही की दोन उत्तरं तयारच असतात: "थंडीच आहे, चालायचंच" नाहीतर "कार्ब्स सोडल्यामुळेच होतंय हे". पहिल्या उत्तरात तपासणी राहून जाते, दुसऱ्यात मेहनतीने ताळ्यावर आणलेली साखर हातची जाते. आधी थकवा नेमका कधी येतो ते बघा. झोपून उठल्यावर, जेवणानंतर, की खुर्चीतून उठताना?

न मोजताच काहीतरी तोंडात टाकणं

साखर उतरली तरी गळाल्यासारखं होतं आणि चढली तरीही. त्यामुळे थकवा आला त्याच क्षणी मोजा, तासाभराने नव्हे. आकडा ७० (मिग्रॅ/डेसिलीटर) च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना कर्बोदकं निम्म्यावर आणली आणि डोस मात्र जुनाच राहिला, की साखर अशी उतरू शकते. डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा, आपल्या मनाने नाही. उलट बाजूला, थंडीत चालणं सुटतं, सर्दी-तापाने साखर चढते, रात्री लघवीला उठून उठून झोपेचं खोबरं होतं.

बोट गार असेल तर टोचूनही रक्त येत नाही, मग आपण ते पिळून काढतो आणि आकडा चुकू शकतो. कोमट पाण्याने हात धुवा, कोरडे पुसा, मग टोचा. मीटरही गारठलेला नको. बहुतेक मीटर साधारण १० ते ४० अंश सेल्सिअसमध्येच नीट चालतात.

मीठ आणि पाणी विसरणं

माझा पहिला संशय नेहमी इथेच जातो. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडं मिठातलं सोडियम जास्त बाहेर टाकतात. सोबत पाणीही जातं. त्यात थंडीत तहान लागत नाही, लघवी मात्र वाढते. मग पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं जड होतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवे पडून रक्तदाब मोजा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्तने पडला तर डॉक्टरांना कळवा. रक्तदाबाची गोळी आता जास्त होत असण्याचीही शक्यता असते, कारण या आहारावर अनेकांचा रक्तदाब उतरतो. मात्र रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका.

आणि एक साधी गोष्ट: कार्ब्स कमी केले, पण त्यांच्या जागी प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ आलेच नाहीत, तर ती चक्क उपासमार आहे.

सगळा दोष आहाराला देऊन रक्त न तपासणं

मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. थकव्याबरोबर पायांत मुंग्याही येतात आणि त्या "डायबेटिसच्याच" म्हणून सोडून दिल्या जातात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, किडनीच्या तपासण्याही करा. लोह कमी असेल तर एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, हेही लक्षात असू द्या. इतरांपेक्षा जास्तच थंडी वाजत असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघायलाच हवं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आधी सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात.

"साखर तर नॉर्मल आहे" म्हणून घरी थांबणं

ही चूक जिवावर बेतू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गटातली डायबेटिसची गोळी आणि कडक लो-कार्ब एकत्र आले की साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. म्हणून ही जोडी डॉक्टरांना न सांगता चालवू नका. थकव्यासोबत मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा श्वास जोरात चालू झाला तर मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. थेट इमर्जन्सीत जा, गोळीचं पाकीट बरोबर न्या आणि कीटोन तपासायला सांगा. थकव्याबरोबर धाप लागत असेल किंवा छातीत दडपण वाटत असेल, तरीही तिथेच. डायबेटिसमध्ये हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो.