ड्युसेलडॉर्फला जाताय? नकाशाआधी वार बघा

२०२४ च्या मे अखेरीस माझा आत्तेभाऊ नाशिकहून जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला आला. त्याचा छपाईचा धंदा, आणि चार वर्षांनी एकदा इथं भरणारं ‘द्रुपा’ प्रदर्शन म्हणजे छपाईवाल्यांची पंढरी. यंत्रं बघता बघता एक दिवस दांडी मारून घरच्यांसाठी खरेदी करायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दिवस निवडला गुरुवार, ३० मे. सकाळी दहाला फोन : “ताई, इथं संप आहे का गं? सगळी शटरं खाली!”

संप कसला, फ्रोनलाइश्नाम होता. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी येणारा हा कॅथलिक सण. बर्लिनला त्याची सुट्टी नसते, पण नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या इथल्या राज्यात असते. मग त्यानं खरेदी रविवारवर ढकलली. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. सोमवारी म्हणाला, जाऊ दे, निदान चित्रं तरी बघतो. सोमवारी म्युझियमं बंद!

मला विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि सांगायचं मला. गेली अकरा वर्षं मी ऱ्हाइनच्या काठी राहते, त्यामुळे या गोष्टी मला आता दिसेनाशाच झाल्यात. पाहुण्यांच्या निम्म्या चुका मात्र इथल्याच असतात. रस्ता बरोबर असतो, वार चुकलेला असतो. पाहुणे हमखास करतात त्या चुका एकेक करून सांगते.

रविवार खरेदीला, सोमवार म्युझियमला

हे बरोबर उलटं करा. रविवारी के-२० आणि के-२१ ही राज्य कलासंग्रहाची दोन्ही घरं उघडी असतात, कुन्स्टपालास्ट हे म्युझियमही. के-२० ची सुरुवात १९६० मध्ये राज्यानं विकत घेतलेल्या चित्रकार पाउल क्लेच्या ८८ कामांपासून झाली. क्ले इथल्या कला अकादमीत प्राध्यापक होता आणि १९३३ मध्ये नाझींनी त्याला काढून टाकलं, म्हणजे या खरेदीत थोडं प्रायश्चित्तही आहे. त्याच अकादमीत पुढे शिल्पकार योसेफ बॉइस शिकवत होता. त्यानं कोपऱ्यात थापलेलं लोणी हे शिल्प होतं, आणि १९८६ मध्ये सफाई करणाऱ्यानं ते घाण समजून काढून टाकलं. आधुनिक कला कळत नाही म्हणून लाजणाऱ्या पाहुण्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगते.

सोमवारी बाजार. जुन्या गावालगतचा कार्ल्सप्लाट्झ सोमवार ते शनिवार भरतो : भाज्या, चीज, पाव आणि उभ्यानं खायच्या टपऱ्या. सोमवारीच शहरातल्या कायझर्सवेर्ट या भागात जाता येतं. यू-७९ ही शहरी रेल्वे धरायची, क्लेमेन्सप्लाट्झला उतरायचं. नदीकाठी सम्राट बार्बारोसाच्या वाड्याचे भग्न दगड आहेत. १८५१ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल इथंच परिचर्येचं शिक्षण घ्यायला आली होती.

रविवारी दूध-पाव संपलाच, तर मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात. गाडी हाताशी असेल तर सीमेपलीकडे नेदरलँड्समधल्या रुर्मोंडचं आउटलेट रविवारीही चालू असतं. फक्त जर्मनीत सुट्टी असली की निम्मं ड्युसेलडॉर्फ तिकडेच लोटतं. १ मे, ३ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या सुट्ट्यांच्या तारखाही तिकीट काढण्याआधी बघून ठेवा. कार्निव्हल या उत्सवाच्या सोमवारी अधिकृत सुट्टी नसते, पण मिरवणुकीमुळे गावातली बहुतेक दुकानं बंदच असतात. त्याआधीच्या गुरुवारी टाय घालून फिरलात तर बायका तो कात्रीनं कापतात. तो मान समजायचा असतो.

आणि हॉटेल. हे प्रदर्शनांचं गाव आहे. नोव्हेंबरात वैद्यकीय उपकरणांचं मेडिका, जानेवारीत होड्यांचं बोट, दर तीन वर्षांनी ऑक्टोबरात प्लॅस्टिकवाल्यांचं के. त्या दिवसांत खोल्यांचे भाव असे चढतात की एरवीचं साधं हॉटेल पंचतारांकित वाटावं. प्रदर्शनांचं वेळापत्रक आधी उघडा, विमानाचं तिकीट नंतर काढा. तारखा बदलणं जमत नसेल तर नॉइस, डुइसबुर्ग किंवा वुपर्टालला राहा आणि रेल्वेनं ये-जा करा. वुपर्टालला राहिलात तर १९०१ पासून धावणारी उलटी टांगलेली रेल्वेही बघून होते.

‘ड्युसेलडॉर्फ’ नावाच्या प्रत्येक ठिकाणी उतरणं

स्वस्त विमानांच्या तिकिटावर कधी कधी ‘ड्युसेलडॉर्फ वेत्से’ असं दिसतं. ते वेत्से डच सीमेजवळ आहे, सत्तरेक किलोमीटरवर. तिकिटात वाचवलेले पैसे प्रवासात जातात. आणि खऱ्या विमानतळाला स्टेशनं दोन आहेत. एस-११ लोकल थेट टर्मिनलखाली जाते. लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात ते स्टेशन जरा दूर आहे, तिथून टांगत्या स्कायट्रेननं टर्मिनलला यायचं. परतीच्या दिवशी ऐनवेळी हे कळून धावपळ करणारे मी पाहिलेत.

कागदी तिकीट हातात असलं की काम झालं, असं समजू नका. त्यावर आधीच वेळ छापलेली नसेल तर फलाटावरच्या किंवा डब्यातल्या यंत्रात ते दाबून शिक्का मारावा लागतो. तपासनीस आला आणि शिक्का नसला, तर ६० युरो. “मी परदेशी आहे” हे वाक्य त्यांनी रोज ऐकलेलं असतं. शेजारच्या कोलोन शहरात जाताना गावातलं तिकीट पुरत नाही, वाटेत दुसऱ्या परिवहन संघाची हद्द लागते.

जेवताना होणारी फसगत

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या माणसाची खरी पंचाईत टेबलावर होते.

जुन्या गावात जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरमध्ये अडीचशेच्या वर पब आणि खाणावळी आहेत. तिथल्या बिअर गाळणाऱ्या जुन्या खाणावळींत वाढप्याला ‘क्योबेस’ म्हणतात. तो फटकळ असतो, तो त्याचा बाणा आहे, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बसलात की तो न विचारता आल्टबिअर या इथल्या बिअरचा लहानसा ग्लास ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं रेघ ओढतो. ग्लास रिकामा झाला की दुसरा हजर. माझ्या एका पाहुण्यांना वाटलं, आग्रहाचं वाढणं चाललंय, नाही कसं म्हणायचं! आठव्या रेघेला मी त्यांना थांबवलं. पुरे म्हणायची खूण सोपी आहे : चकती ग्लासवर ठेवा. ती चकती म्हणजेच बिल, म्हणून खिशात घालू नका आणि तिच्यावर पोरांना चित्रंही काढू देऊ नका. आणि तिथं बसून क्योल्श मागू नका. ती कोलोनची बिअर. या दोन गावांचं भांडण जुनं आहे. १२८८ मध्ये वोरिंगनच्या लढाईत कोलोनच्या आर्चबिशपचा पराभव झाला आणि त्यानंतरच ड्युसेलडॉर्फला नगराचा दर्जा मिळाला.

मेन्यूकार्ड नावांनी फसवतं. ‘हाल्वे हान’ म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, पण ताटात येतो राय धान्याचा पाव, चीजचा जाड तुकडा, कांदा आणि वाटलेली मोहरी. शाकाहाऱ्यांनी हा कोंबडा बिनदिक्कत मागवावा. ‘हिमेल उन एड’, म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी, ऐकायला सात्त्विक वाटतं. सफरचंद आणि बटाटा इथपर्यंत ते ठीकच आहे, पण सोबत रक्ताचं सॉसेज असतं. बेकरीत पावावर कांदा पेरलेलं गुलाबी काहीतरी दिसलं तर ते मेट : डुकराचा कच्चा खिमा. ‘सेन्फरोस्टब्राटेन’ हा इथला अभिमानाचा पदार्थ, मोहरी लावून भाजलेलं बीफ. राईबेकूखेन हे किसलेल्या बटाट्याचे तळलेले घावन, बरोबर सफरचंदाचा गर. उपासाच्या थालीपिठाची आठवण हमखास येते, पण त्यात बहुधा अंडं असतं. रिंड म्हणजे बीफ, श्वाइन म्हणजे डुक्कर, ‘ओने’ म्हणजे ‘शिवाय’. हे तीन शब्द पाठ असले की निभावतं.

इमरमानश्ट्रासेवरच्या जपानी गल्लीत रामेनसाठी रांग असते. जपानी कंपन्यांबरोबर आलेल्या कुटुंबांमुळे हा भाग वसला, त्यामुळे चव अस्सल आहे. पण वरून नुसत्या भाज्या दिसल्या तरी खालचा रस्सा बहुतेक वेळा डुकराच्या हाडांचा असतो. भाजीचा रस्सा असलेलं वेगळं मागा.

साधं पाणी फुकट येत नाही, बाटली मागितली तर बुडबुड्यांचं येतं. ‘श्टिल’ म्हणा. टिप टेबलावर ठेवून जायची पद्धत नाही. बिल २७ झालं असेल तर पैसे देतानाच “३०” म्हणायचं. आणि थोडे सुटे युरो खिशात असूच द्या, कारण काही ठिकाणी फक्त रोकड चालते आणि काही ठिकाणी कार्ड चालतं ते फक्त जर्मन बँकेचं.

क्योनिग्सआलेवरच खरेदी संपवणं

‘क्यो’, म्हणजे क्योनिग्सआले हा रस्ता, बघायचाच. मध्ये कालवा, दोन्ही बाजूंनी झाडं, एका अंगाला महागडी दुकानं आणि समोरच्या अंगाला बँका, सोय बघा! १८४८ मध्ये इथून जाणाऱ्या प्रशियाच्या राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याच्यावर लोकांनी घोड्याची लीद फेकली. पुढे १८५१ मध्ये, रुसवा काढायला, रस्त्याला राजाचं नाव दिलं. खरेदीपेक्षा मला हीच गोष्ट जास्त आवडते. खिशाला झेपेल असं हवं असेल तर शाडोश्ट्रासे, आणि वेगळं काही हवं असेल तर फ्लिंगर्न भागातली आकरश्ट्रासे.

परदेशी पाहुण्यांना खरेदीवरचा कर परत मिळतो, त्या करपरताव्यात सगळ्यात मोठा गैरसमज असतो. कर १९ टक्के म्हणून १०० युरोवर १९ परत मिळतील असं लोक धरून चालतात. छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो, त्यामुळे १०० मध्ये तो जेमतेम १६ असतो, आणि परतावा देणारी मधली कंपनी तिचा वाटा कापते. बिल ५० युरोच्या वर हवं. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म तिथंच घ्या. इथं राहणाऱ्या भाच्याच्या नावावर काढलेलं बिल चालत नाही. वस्तू वापरायच्या नाहीत, कारण कस्टम्सवाला त्या बघायला मागू शकतो. म्हणून परतावा हवा असलेलं सामान मोठ्या बॅगेत असेल तर ती बॅग पट्ट्यावर जाण्याआधी फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का घ्यायचा. बॅग थेट मुंबईपर्यंत टॅग झाली असेल तर तो शिक्का ड्युसेलडॉर्फलाच मिळतो. हातातल्या सामानाचा मात्र युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर.

नदीत उतरणं

नकोच. काठावरून ऱ्हाइन संथ दिसते, पण मालवाहू बोटींची ओढ आणि आतला प्रवाह माणसाला खेचून नेतो. माणसं बुडाल्यावर २०२५ मध्ये शहरानं पोहण्यावर बंदीच घातली. संध्याकाळी काठाच्या फरसबंदीवर बसा. मोटारींचा रस्ता १९९३ पासून तुमच्या पायाखालच्या बोगद्यातून वाहतोय, आवाजसुद्धा येत नाही.

आत्तेभावानं शेवटच्या दिवशी घाईघाईत मोहरीच्या दोन मातीच्या बरण्या घेतल्या. जर्मनीतला मोहरीचा पहिला कारखाना १७२६ मध्ये याच गावात निघाला होता, त्यामुळे भेट अगदी योग्य होती. बरण्या ठेवल्या हातातल्या बॅगेत. सुरक्षा तपासणीतून फोन आला : “ताई, मोहरी पातळ पदार्थात धरतात का गं?”

धरतात. १०० मिलीच्या वरची.