पाइनकोनवरून ओळखा हवेतला दमटपणा

पाइनकोन म्हणजे चिडाच्या (पाइनच्या) झाडाचा खवल्यांचा लाकडी शंकू. हिमाचल-उत्तराखंडात चिडाच्या झाडाखाली पडलेला, खवले पूर्ण उघडलेला सुका पाइनकोन घ्या. हिरवा, कोवळा चालत नाही. देवदाराच्या शंकूचे खवले तर झाडावरच सुटे होऊन गळतात, तो नकोच. खवल्याचा बाहेरचा थर ओल शोषून लांबीत वाढतो, आतला फारसा वाढत नाही. त्यामुळे दमट हवेत खवला आत वळून मिटतो, कोरड्या हवेत उघडतो. पेशी मृत असल्याने हे वर्षानुवर्षं चालतं.

पाइनकोनचं बूड लाकडी फळीला डिंकाने पक्कं चिकटवा. मधल्या एका खवल्याच्या टोकाला १५ सेंमी लांबीची हलकी गवताची काडी लावा, मागे पुठ्ठा. खवल्याची मिलिमीटरभर हालचालही काडीच्या टोकाशी ठळक दिसते. कडक उन्हात वाळवून काडीची जागा ‘कोरडं’ म्हणून खूण करा. मग पाइनकोनभोवती ओलं फडकं रात्रभर गुंडाळून ‘दमट’ची.

जागा सावलीची, वारा खेळता, पागोळ्यांपासून दूर हवी. स्वयंपाकघरात वाफेमुळे तो उगाच मिटतो. प्रतिसादाला काही तास लागतात, म्हणून अचानक येणारा वळीव त्याला आधी कळत नाही. कोकणात पावसाळाभर तो जवळजवळ मिटलेलाच राहील. खरा उपयोग पावसाळ्याआधी आणि नंतर, पापड-कुरडया वाळत घालायच्या की नाही ते ठरवताना.