दूरच्या मराठी ठाण्याचा इतिहास कसा शोधावा: झाशीचे उदाहरण

झाशी म्हटले की आपण थेट १८५७ गाठतो आणि त्याआधी शंभराहून अधिक वर्षे बुंदेलखंडातल्या या ठाण्यात नांदलेले कारकून, शिबंदीचे शिपाई, भटभिक्षुक आणि सावकार नजरेआड होतात. त्यांचा माग काढायचा असेल तर सुरुवात किल्ल्यापासून करावी, पण तोफेपाशी न रेंगाळता बांधकामाचे थर पाहावेत. मूळ किल्ला शेजारच्या ओरछ्याच्या राजा बीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधला; १७४२ मध्ये पेशव्यांच्या वतीने आलेल्या नारो शंकर यांनी तो वाढवला, आणि तो भाग आजही शंकरगढ म्हणून ओळखला जातो. हा जोड नीट ओळखता आला की लष्करी तळाचे गाव कधी झाले हे कळू लागते.

नंतर शहराच्या कोटाच्या दरवाजांवरून फिरावे. ओरछा, दतिया, सागर, भांडेर ही नावे म्हणजे त्या काळच्या वाटांचा नकाशाच आहे. कोणत्या वाटेने माल आणि माणसे येत, हे ती सांगतात.

खरे काम मात्र कागदांत आहे आणि त्यासाठी मोडी लिपी शिकण्याला पर्याय नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात लढायांच्या बातम्यांपेक्षा कौल, इनाम आणि वर्षासन (दरवर्षी मिळणारी नेमणूक) हे शब्द शोधावेत, कारण नवी पेठ वसवताना रयतेला जो अभय आणि सवलतींचा शब्द दिला जाई तो कौलातच सापडतो. तारखांबाबत फार सावध राहावे. ‘सलास अर्बैन मया व अलफ’ असे दिसले तर तीन, चाळीस, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन (त्या कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिले जाणारे वर्ष) ११४३ होतो. त्यात ५९९ मिळवले की १७४२ येते. हे वर्ष मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, सुरू होत असल्याने जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला मात्र ६०० मिळवावे लागतात. ही एक चूक सगळा क्रम बिघडवते.

झाशीत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांकडून कुलदैवत आणि मूळ गाव विचारून घ्यावे. राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या नेवाळकरांचा माग असाच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोटपर्यंत लागतो. ऐकलेली हकिकत कागदाशी ताडल्याशिवाय मात्र लिहू नये.

शेवटी एक दिवस ओरछ्यासाठी राखून ठेवावा. झाशी वसवताना तिथली माणसे इकडे आणली गेली होती, आणि १७८३ मध्ये राजधानीही टेहरीला, म्हणजे आजच्या टीकमगढला, हलली. ओरछ्याचे ते ओस पडलेले वाडे पाहिल्याखेरीज झाशीच्या वस्तीची नोंद अर्धीच राहते.