सागवानाची बॉडी की नवा पॉट? इलेक्ट्रिक गिटारचा टोन कुठे ठरतो

नागपूरकडे सागवानाला तोटा नाही. आलापल्लीच्या सागाचं, दारं-खिडक्यांतून उरलेलं फळकूट हाती आलं की हमखास प्रश्न येतो: याची गिटार केली तर टोन कसा येईल? आधी वजन येईल. अल्डर या हलक्या लाकडाची, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या आकाराची बॉडी दोन किलोच्या आतबाहेर असते, सागाची सहज अडीचच्या पुढे जाते. शिवाय साग तेलकट. सांधा ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवला नाही तर पुढे उकलतो.

टोनचं म्हणाल तर पिकअप (तारांखालचा चुंबक आणि त्याभोवतीची कॉईल) लाकूड ऐकत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलते, कॉईलमध्ये व्होल्टेज तयार होतं, तेच ॲम्पला जातं. लाकूड तारेची ऊर्जा किती लवकर खातं, एवढाच त्याचा हात. आणि त्यातही बॉडीपेक्षा नेक (गिटारची मान) जास्त खाते. एखाद्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) सूर लगेच मरत असेल तर तिथे नेक त्याच कंपनसंख्येला हलत असते. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून वाजवा, मेलेली जागा सरकलेली दिसेल.

म्हणून लाकडावर पैसे घालण्याआधी नव्या तारा लावा आणि मग पिकअपची उंची बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची, तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं (तारेखालच्या चुंबकाच्या टोकापर्यंतचं) अंतर स्टीलपट्टीने मोजायचं. सिंगल कॉईलला (एका कॉईलच्या पिकअपला) जाड ई तारेखाली २.४ मिमी, बारीक ई तारेखाली २ मिमी ठेवून सुरुवात करा. आवाज मोठा हवा म्हणून पिकअप वर चढवत नेला की चुंबकच तार ओढायला लागतो: वरच्या फ्रेटवर जाड तारा डगमगतात, एकाच सुरात दोन सूर ऐकू येतात. लोक इन्टोनेशनचे (फ्रेटवरचे सूर जुळवायचे) स्क्रू फिरवत बसतात. दोष पिकअपचा असतो.

त्यानंतर पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता रेझिस्टर. सिंगल कॉईलला २५० किलोओहम, हमबकरला (दोन कॉईलच्या पिकअपला) ५००. हमबकरवर २५०चा पॉट बसला की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, २० टक्के इकडेतिकडे चालतं असं गृहीत धरूनच पॉट बनतात. जोडण्याआधी बाहेरच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या दुकानात बहुधा 'बी' टेपर (फिरवाल त्याच प्रमाणात रोध बदलणारा पॉट) हाती देतात. त्यावर व्हॉल्यूम अर्धा फिरवला तरी फारसा उतरत नाही आणि शेवटी एकदम गळतो. 'ए' (ऑडिओ टेपर) मागा. पॉटच्या पाठीवर अर्थिंगची तार जोडताना २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. ते टेकवून बसलं की आतला कार्बनचा पट्टा भाजतो. पाठ आधी पॉलिश पेपरने खरडा, मग ६० वॉटचं आयर्न दोन-तीन सेकंद.

केबलही टोनचाच भाग. मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरा. तीनऐवजी दहा मीटरची लावली की तिखटपणा उतरतो.

लांबीचंही एक गणित आहे. २५.५ इंची स्केलवर (मोकळ्या तारेच्या लांबीवर) त्याच तारा त्याच सुरात २४.७५ इंचीपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त ताणल्या जातात. बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) जड लागतो, आवाज ताठ येतो. नट (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) हाडाचा की प्लॅस्टिकचा, हे मोकळ्या तारेपुरतंच. फ्रेट दाबला की नटचं काम संपलं.

लाकडाची खरी कटकट नागपुरात आवाजात नाही, मे महिन्यात आहे. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली फळी) आडवा आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला बोचतात. कूलरच्या झोतात गिटार ठेवू नका: दिवसा ओल, कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं, नेक सतत हलते. नेकचा बाक बघायला पहिला फ्रेट कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) आणि शेवटचा बोटाने दाबून सातव्या फ्रेटजवळ तारेखालून ०.२५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) जाते का बघा. जास्त फट असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारा आतला धातूचा दांडा) एका वेळी पाव वळसा घड्याळाच्या दिशेने, मग पुन्हा मोजा. फ्रेटची टोकं बारीक कानशीने घासायची तर मे महिन्यातच घासा. पावसाळ्यात बोर्ड फुगलेला असतो, टोकं लपतात आणि पुढच्या उन्हाळ्यात परत हजर.