एअरबॅगचा दिवा विझत नाही? आधी सीटखाली वाका

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझतो, तो नेम. विझलाच नाही, तर धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही.

पुष्कळदा दोष पुढच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, सापडतो. सीट मागेपुढे सरकवताना, व्हॅक्यूम मारताना किंवा खाली घरंगळलेल्या पाण्याच्या बाटलीने तो सैल होतो. आमच्या गाडीत तर मुलाची छत्री अडकली होती! हात घालण्याआधी गाडी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि निदान १० मिनिटं थांबा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये काही वेळ चार्ज उरतो. मग कनेक्टर ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. मल्टीमीटर (वीज मोजायचं यंत्र) मात्र लावू नका, त्याच्या करंटनेही बॅग फुटू शकते.

सोबत हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद असतील, तर स्टिअरिंगमागचा क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, गेलाय असं समजा. ते काम मेकॅनिकचंच. दोष निघाल्यावरही दिवा राहिला, तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला दोषाचा कोड स्कॅनर जोडून पुसावा लागतो. साधे स्वस्त स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. आणि दिव्याचा बल्बच काढून देणारा कोणी भेटला, तर तिथून गाडी काढा.