खच्चून भरलेल्या लोकलमध्ये शिंक आली तर

रोज ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्स हार्बरने जाते, त्यात धुळीची ॲलर्जी, एकदा सुरू झालं की सलग सहा-सात शिंका, त्यामुळे या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे असं समजा. "तोंडावर रुमाल धरा" एवढाच सल्ला देणाऱ्यांनी सकाळी साडेआठच्या गाडीत चढून पर्समधून रुमाल काढून दाखवावाच एकदा. रुमाल चढायच्या आधीच हातात किंवा वरच्या खिशात हवा.

नाकात सुळसुळायला लागलं की नाकाच्या खाली, वरच्या ओठावर बोट दाबून धरायचं (दांडा धरलेल्या हाताचं नाही!), कधीकधी शिंक परत जाते. नाही गेली तर येऊ द्या.

येऊ द्या म्हणजे खरंच येऊ द्या, चिमटीत नाक आणि तोंड गच्च बंद, हा प्रकार अजिबात नको. मी लाजेखातर कित्येक वर्षं तेच केलं, मग एकदा कानाला असा दडा बसला की दोन दिवस सगळं विहिरीतून ऐकू येत होतं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. २०१८ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एक केस छापली होती, लेस्टरच्या ३४ वर्षांच्या माणसाने अशीच शिंक कोंडली तर घशाला आतून भोक पडलं, बरेच दिवस नळीने जेवण. असं क्वचितच होतं, मान्य, पण कान दुखायला तेवढं लागत नाही.

आता खरी अडचण. कोपरात शिंका, बरोबर आहे, पण कुठल्या कोपरात? एका हातात वरची कडी, दुसरा हात पर्ससकट दोन बायकांच्या मधे अडकलेला, तो वर काढायला गेलात तर शेजारणीच्या कानशिलात बसतो, माझा बसलाय. बरं, कडी सोडायची तर मुळीच नाही, शिंकताना डोळे मिटतात, अंगाला झटका बसतो, आणि दाराजवळ असाल तर... असो. मला हे सुचायला फार वर्षं लागली की कडी धरलेला हात आधीच तोंडाजवळ आहे! मान वळवायची आणि त्याच हाताच्या दंडात, बाहीच्या कापडात नाक-तोंड दोन्ही खुपसून शिंकायचं. खुपसून म्हणतेय मी, लोक कोपर तोंडासमोर वीतभर लांब धरतात आणि सगळा फवारा वरून पुढचीच्या केसांत. स्लीव्हलेस असेल तर कुर्त्याचा गळा पुढे ओढून आत शिंका, किळसवाणं वाटेल पण घाण आपली आपल्याजवळ राहते. ओढणीवर भरवसा नको, अर्धी कुणाच्यातरी बॅगेत अडकलेली असते. मास्क असेल तर शिंकायला तो खाली करू नका, हेही सांगावं लागतं, काय करणार.

तळहातावर तर नाहीच, कारण पुढच्या क्षणी तोच हात दांड्यावर जातो. चुकून झालंच तर निदान ६० टक्के अल्कोहोलवालं सॅनिटायझर, ऑफिसला पोचल्यावर साबणाने वीस सेकंद.

नंतर एकदा "सॉरी" म्हणा, बास. ॲलर्जीचा इतिहास कुणी विचारलेला नसतो. आमच्या डब्यात कुणी सासूबद्दल काही सांगत असताना मी शिंकले की मागून "सत्य आहे!" येतंच, तेव्हा हसून सोडून द्यायचं.

आणि रुमाल दोन ठेवा. ज्यात नाक पुसलं तोच ठाण्याला खिडकीतून सीटवर टाकून जागा धरणाऱ्या बाया मी बघितल्यात, मैत्रिणीसाठी धरतात वर.